खांबावर तुम्ही, नाव आण्णांचं

सारिकाताई, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा मला काय अधिकार आहे, हे मला अजून नीट कळलेलं नाही. तुमच्या घरची माणसं आहेत, वीजमंडळाच्या सेक्शन ऑफिसातले सोबती आहेत, त्यांनी तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं उन्हात काम केलं. मी तुम्हाला जेमतेम पाच महिने ओळखत होतो आणि त्यात आपण मोजून सहा वेळा भेटलो. तेही माझ्या कामासाठी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणी गेलं की काय लिहितात आणि कसं लिहितात, हे मला कुणी दाखवलेलं नाही. चुकलं तर तुम्ही माझ्या प्रश्नांना जशा हसायचात तशा हसा.

तुम्ही कशानं गेलात ते इथं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहावं लागतंय. आमच्या भागातल्या वायरमन ताई गेल्या, असं मी कुणालाही सांगितलं की समोरचा एकच विचारतो, "करंट बसला का?" कडेगावच्या स्टँडवर विचारलं, कॉलेजच्या कँटीनमध्ये विचारलं. आमच्या चुलत्यांनी तर विचारलंही नाही. ते सरळ म्हणाले, "तरी मी म्हणत हुतो, बाईमाणसाचं काम न्हवं त्ये." ताई, तुम्ही आठ दिवसांच्या तापानं गेलात. तोच ताप त्या महिन्यात आमच्या गावात तिघांना आला होता आणि त्यातला एकही खांबावर चढत नव्हता. मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, ताप होता, ताप. लोक मान हलवतात आणि पुढच्या माणसाला परत करंटच सांगतात. पुरुष तापानं गेला तर त्याच्या नोकरीचा विषय निघतो का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय. माझ्या प्रश्नावलीत हा प्रश्न नव्हता.

त्या प्रश्नावलीवर तुम्ही किती हसलात! समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता. विषय होता, पुरुषांची समजली जाणारी कामं करणाऱ्या स्त्रिया. मॅडमनी चोवीस प्रश्न छापून दिले होते आणि आमच्या तालुक्यातून पाच स्त्रिया शोधायच्या होत्या. मला चारच मिळत होत्या. पाचवी आमच्या वस्तीवर आपल्या पायांनी चालत आली.

तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. वाऱ्यानं डीपीवरच्या, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, मोठ्या लाईनचा जंपर तुटला होता. जंपर म्हणजे दोन तारा जोडणारा तुकडा, हेही मला तुमच्याकडूनच कळलं. दोन दिवस वस्तीवर लाईट नव्हती. तुम्ही आणि आण्णा गाडीवरून उतरलात. तुमच्या कमरेला पट्टा, खांद्यावर दोर, हातात पक्कड. माझी आई अंगणात उभी. तिनं तुमच्याकडं बघून विचारलं, "बाई, वायरमन कवा येणार वं?"

"आलाय की, मावशी," तुम्ही म्हणालात. "ह्यो काय तुमच्याम्होरं हुबा हाय."

आईनं तुमच्या मागं बघितलं. मागं आण्णा होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले, पांढऱ्या मिशांचे, तुमच्या सेक्शनमधले सगळ्यात जुने वायरमन. आई त्यांनाच म्हणाली, "या, पाणी घ्या." आण्णा म्हणाले, "पाणी तिला द्या आदी. चढायचं तिला हाय."

मग आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आगं, भ्या न्हाई का वाटत तुला?"

तुम्ही पट्टा आवळत विचारलंत, "मावशी, तुमी मेंढरं राखलीत का?"

"राखलीत म्हंजे? तीस वर्सं चाललोय. कोकणापत्तुर."

"रानात लांडगं हुतं. तुमाला कुणी इचारलं का, भ्या वाटतं का म्हणून?"

आई म्हणाली, "न्हाई बा. मेंढरं कुटं हायती, एवडंच इचारायची."

तुम्ही हसलात आणि वर चढलात. त्या दिवसापासून आई तुमची झाली. आमच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या नोकरीबद्दल विचारलं होतं, असं मला वाटतं. ती अजून सांगते, "त्या पोरीनं मला बराबर इचारलं."

मी खाली उभा राहून बघत होतो. आण्णा बाभळीखाली फोनवर कुणाशी तरी बोलत होते. तिकडं माझं लक्ष नव्हतं. सगळी गोष्ट त्या फोनमध्ये होती आणि मी मान वर करून तुमचे पाय बघत होतो.

खाली आल्यावर मी धीर करून विचारलं की, मला तुमची मुलाखत मिळेल का. तुम्ही म्हणालात, "मुलाखत? मला वाटलं बिल जास्त आलंय म्हणून इतका येळ घुटमळतोय ह्यो."

दुसऱ्या भेटीबद्दल मला अजून लाज वाटते. मी तुमच्या सेक्शन ऑफिसात आलो, साधारण महिन्यानं. तुम्ही टेबलाशी बसून तक्रारींची वही भरत होता. भोवती चार-पाच वायरमन चहा पीत होते, आण्णाही होते. मला बाहेर बसून बोलू या असं म्हणायचं सुचलं नाही. मी तिथंच फाईल उघडली आणि सगळ्यांदेखत एकेक प्रश्न वाचत सुटलो. शिक्षण किती. आयटीआय. कोणत्या गावच्या. कोरेगावकडच्या. पती काय करतात. फौजेत. तिथं तुम्ही आपणहून जास्तीचं सांगितलंत, "त्ये बॉर्डरवर, मी खांबावर. गावाकडं गेलं की त्यास्नी इचारत्यात सुट्टी किती दिवस. मला इचारत्यात भ्या वाटतं का, सोडणार कवा. जशी बंदूक माज्याच हातात हाय." सगळे हसले. मीही हसलो आणि "पती: सैन्यदल" एवढंच लिहिलं.

सतरावा प्रश्न होता, "पुरुष सहकाऱ्यांकडून त्रास होतो का? हो / नाही." मी तो मोठ्यानं वाचला. तुम्ही वहीतून मान वर केलीत आणि म्हणालात, "होतो की. ह्या आण्णांचा लय तरास. मला खांबावर चढूच देत न्हाईत."

एकच हशा झाला. एक जण म्हणाला, "आण्णा, आलं तुमचं नाव पेपरात!" आण्णाही हसले, पण त्यांनी चहा अर्धाच ठेवला आणि ते बाहेर गेले. मी ते बघितलं आणि मला त्यात काही दिसलं नाही. मी "नाही" वर खूण केली.

ताई, तुम्ही त्या दिवशी अगदी खरं उत्तर दिलं होतं. ते तसंच्या तसं मराठीत, माझ्यासमोर, मोठ्यानं. आणि मी त्याला विनोद समजून उलटी खूण केली. प्रकल्प जमा झाला. नंतर कळल्यावर मी विभागात जाऊन विचारलं की एक उत्तर बदलता येईल का. मॅडम म्हणाल्या, आता बांधणी झालीय. तेव्हा कॉलेजच्या कपाटात एक फाईल आहे आणि तिच्यात तुम्हाला काही त्रास नाही. हे मी तुम्हाला सांगणार होतो. प्रत्येक भेटीत सांगणार होतो.

तिसरी भेट कराडच्या स्टँडवर झाली, ती ठरवून नव्हती. तुम्ही मलकापुरातल्या एका पाहुण्यांकडून परत निघाला होता, मी हॉस्टेलवर चाललो होतो. तुमची गाडी लागायला अर्धा तास होता. आपण उसाचा रस घ्यायला थांबलो. तुम्ही घेतला नाही, मलाच पाजलात. मी आग्रह केला तर म्हणालात, "सवय गेलीया. ड्युटीवर दिसभर पाणी पीत न्हाई मी. सेक्शनला बायकांची सोय न्हाई, रानात समदी पुरुषमाणसं. मग सुट्टीच्या दिशी बी तहान लागत न्हाई." इतकं सहज सांगितलंत. मी वर बघून उगीच म्हणालो, "खांबावरून काय दिसतं?"

हा प्रश्न तुम्हाला आवडला. तुम्ही पिशवी खाली ठेवून सांगायला लागलात की वरनं लोकांचे पत्रे दिसतात. माणसं दारात रांगोळी काढतात आणि नको ते सगळं पत्र्यावर टाकतात. टायर, मोडक्या खुर्च्या, फुटके माठ. एका वस्तीवर एकाच्या पत्र्यावर पाच चपला आहेत आणि पाचही डाव्या पायाच्या. "उजव्या कुटं गेल्या आसतील, सांग बरं?" मी म्हणालो कुत्र्यानं नेल्या असतील. तुम्ही म्हणालात, "पाची येळेला कुत्र्यानं उजवीच कशी नेली?" ते घर कुणाचं ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. म्हणालात, वरून दिसलेलं खाली सांगायचं नाही, हा वायरमनचा नियम आहे. असा नियम खरंच आहे की तुमचा तुम्हीच केला होता?

हातमोज्यांचंही तेव्हाच सांगितलंत. मोजे येतात ते पुरुषांच्या मापाचे. तुमच्या बोटांच्या पुढं मोज्याची बोटं इंचभर रिकामी लोंबतात, त्यानं नटबोल्ट धरता येत नाही. कमरेच्या पट्ट्याला शेवटच्या भोकानंतर तुम्ही तापलेल्या खिळ्यानं आणखी दोन भोकं पाडलेली. "समदं आण्णांच्या मापाचं हाय," असं म्हणालात आणि पिशवी उचलून हातात घेतलीत. मग म्हणालात, "नाव बी."

आणि मग तुम्ही ते सांगितलंत. माझ्यासारख्या ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी मी साध्या शब्दांत लिहितो, चूक असेल तर आण्णा दुरुस्त करतील. मोठ्या लाईनवर चढायचं असेल तर आधी उपकेंद्रातल्या ऑपरेटरला फोन करून लाईन बंद करून घेतात. त्याला परमिट घेणं म्हणतात. ज्याच्या नावावर परमिट, तोच खाली येऊन फोन करून ते परत करतो आणि मगच लाईन चालू होते. म्हणजे जो वर चढतो त्याचा जीव त्या फोनवर असतो, म्हणून फोन त्याचाच असावा, असा नियम आहे. सगळ्यांना असाच आहे. तुम्हाला नव्हता. तुम्ही वर चढायचात आणि परमिट आण्णांच्या नावावर निघायचं. ऑपरेटर गायकवाड म्हणायचे, बाईमाणसाच्या नावावर देऊन काही झालं तर जाब कुणी द्यायचा? आण्णा म्हणायचे, "पोरीसारखी हाय. तिच्या नावावर जोखीम कशाला? माज्या नावावर राहू दे." ऑफिसातल्या सगळ्यांना यात आण्णांची माया दिसायची. तुम्हालाही दिसायची, हे तुम्हीच सांगितलंत.

आमच्या वस्तीवर येऊन गेल्यानंतर पंधरा दिवसांनी एका वळणावरच्या खांबावर तुम्ही काम करत होता. एकदा खाली आलात. आण्णांनी लांबून तुम्हाला जमिनीवर बघितलं. एक नट ढिला राहिलाय असं वाटून तुम्ही परत चढलात, तोवर आण्णा शेजारच्या शेतातल्या माणसाशी बोलत पाठ करून उभे होते. त्यांनी फोन लावला आणि परमिट परत केलं. लाईन चालू झाली.

मी रसाचा ग्लास हातात धरून उभा होतो. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "आरं, पी की. मी मेले न्हाई." तारेला तुम्ही आधीच अर्थिंग लावलेलं होतं, जमिनीशी जोडणारी साखळी. त्यामुळं लाईन चालू झाली तशी उपकेंद्रात उडाली, म्हणजे आपोआप बंद पडली. वर मोठा आवाज झाला, तुमचे कान दोन दिवस वाजत होते, एवढंच. खाली आलात तेव्हा आण्णा बांधावर बसले होते, फोन तसाच हातात. तुम्ही त्यांना पाणी दिलंत.

आणि मग झालं ते मला आजही कळायला अवघड जातं. चूक कुठं होती हे सगळ्यांना दिसत होतं. चढणारा एक आणि फोन करणारा दुसरा. तर सेक्शननं चूक कशी सुधारली? तुमचं चढणं बंद केलं. परमिटचं कुणी बोललंच नाही. आण्णा म्हणाले, "आता तू वर जायाचंच न्हाई." साहेबांनी तक्रारींची वही तुमच्या टेबलावर ठेवली. तुमच्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, सावलीत बसायला मिळालं. तुमची आई म्हणाली, देव पावला. आणि कराडच्या स्टँडवर मी, जो तीन वर्षं समाजशास्त्र शिकलो, तोही म्हणालो, "पण ताई, जीव महत्त्वाचा. सुरक्षित आहात, हे काही वाईट नाही."

तुम्ही माझ्यावर तेव्हा एकदाच चिडलात. आवाज चढवला नाहीत. "माज्या जिवाची काळजी आसंल तर परमिट माज्या नावावर द्या की. माजा खांब का काढून घेतला? करंट खांबात न्हवता रं. करंट त्या फोनात हुता."

गाडी लागली. तुम्ही चढताना मागं वळून म्हणालात, "आन् तू त्या दिशी काय लिवलंस? होतो का न्हाई होतो?" मी म्हणालो, "लिहिलंय." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

त्या आठवड्यात मी नीट झोपलो नाही, पण ते राहू दे. मला प्रश्न पडत होते. तुमच्या सहा वर्षांच्या कामातलं किती परमिटच्या रजिस्टरमध्ये तुमच्या नावावर आहे? काहीच नाही. उद्या कुणी ते रजिस्टर उघडलं तर त्याला वाटेल की आण्णा या वयातही रोज चढत होते आणि तुम्ही त्या सेक्शनला नव्हताच. मी समजा पन्नास वर्षांनी अभ्यास करायला आलो असतो, तर मीही तेच लिहिलं असतं.

चौथ्या भेटीत तुम्ही आमच्या घरी आलात. आईसाठी कोरेगावचा घेवडा आणला होतात. जेवण झाल्यावर म्हणालात, "मला एक अर्ज लिवून दे. मला लिवता येतं, पर माजं लिवल्यालं साहेब वाचत न्हाईत, तुजं शुद्ध हाय." मी फार खूश झालो. वहीचे चार कागद फाडून एक अर्ज तयार केला. विनंती, कृपया, सहानुभूतीपूर्वक, सगळं घातलं. पहिलंच वाक्य होतं, "मी एक महिला कर्मचारी असल्याने..."

तुम्ही माझा पेन घेतलात आणि ते खोडलंत. "बाई हाय म्हणून न्हाई मागत. खांबावर मी चढते म्हणून मागतीया. आण्णा चढले तर आण्णांच्या नावावर द्या."

मी म्हणालो, असं लिहिलं तर जोर येईल, महिलांसाठी कमिटी असते, कायदे असतात. तुम्ही म्हणालात, आसतील, लागले तर तिकडं बी जाऊ, पर ह्यो नियम समद्यांचा हाय, ह्योच मला पायजे. शेवटी अर्ज साडेतीन ओळींचा झाला. माझं एकही चांगलं वाक्य त्यात उरलं नाही. तोच चांगला होता.

खरं भांडण झालं ते आण्णांवरून. पाचव्या भेटीत, सेक्शनच्या बाहेर लिंबाखाली. अर्ज अजून तुमच्या पिशवीतच होता. मी म्हणालो, जे झालं ते त्यात लिहा. परमिट कुणी परत केलं, त्याचं नाव लिहा. त्याशिवाय कुणी हलणार नाही.

"आण्णांचं नाव घालायचं न्हाई."

"का? तुम्ही त्यांना घाबरता का?"

"त्यास्नी कशाला भिऊ? मला पक्कड धराय त्यांनी शिकिवलं. बाकीची मला चहा सांगत हुती तवा."

"म्हणून त्यांनी तुमचा जीव घालवायचा?"

हे मी बोलायला नको होतं. तुम्ही पिशवीतला अर्ज काढून त्याची परत घडी घातलीत. मग म्हणालात, "तुला प्रश्नावली कळती. माणसं अजून कळायची हायती. आण्णा चुकल्यात, त्यास्नी म्हायती हाय. त्यांचं नाव घातलं की त्ये सोताला वाचवत बसतील, आन् सेक्शन त्यास्नी वाचवत बसंल. मग माजं परमिट कोण बघंल?"

मी म्हणालो, हे तुमचं बळी पडणं आहे. पुस्तकात यालाच नाव आहे. मी ते नावही सांगितलं, इंग्रजीत. तुम्ही म्हणालात, "बरं हाय. त्ये बी लिवून ठेव." आणि आत निघून गेलात. मला वाटत होतं मी तुमच्या बाजूनं भांडतोय. तुमच्या बाजूनं भांडताना मी तुमचंच ऐकत नव्हतो, एवढं मला आत्ता दिसतंय. मोजे आण्णांच्या मापाचे होते आणि अर्ज मी माझ्या मापाचा करायला निघालो होतो. पण एक सांगतो, मी अजून पूर्ण पटलेलो नाही. नाव न घेता चूक कशी सुधारते, हे मला तुमच्याकडून नीट समजून घ्यायचं होतं. मनात दहा मुद्दे काढून ठेवले होते.

सहावी भेट म्हणजे भेटच नव्हती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रस्त्यावर तुमची गाडी समोरून आली. मी हात केला. तुम्ही गाडी चालू ठेवूनच थांबलात. चेहरा उन्हानं रापलेला होता, ते मी बघितलं. मी विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

"बघू. तू परीक्षा दे आदी."

"रागावलाय का?"

"तुज्यावर? तू लय लहान हायस रं राग धरायला." आणि गेलात. मागच्या सीटला पट्टा आणि दोर बांधलेला होता. टेबलावर बसणाऱ्या बाईच्या गाडीवर दोर कशाला, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पाच महिने नुसते प्रश्न विचारत फिरणाऱ्याला नेमका तिथं पडला नाही.

परीक्षा संपायच्या दिवशी आईचा फोन आला. तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले होते. तिलाही बाजारात कळलं होतं. ती रडत नव्हती, फक्त परत परत म्हणत होती, "आरं, ताप आल्ता म्हणं. नुस्ता ताप." मी तुमच्या घरी गेलो नाही. काय म्हणून जाणार होतो? सर्वेवाला? तुमच्या मिस्टरांना मी कोण हे सांगता आलं नसतं. तुमच्या मुलीला तर नाहीच. त्याबद्दलही माफ करा.

तुम्ही मला काय दिलंत हे लिहायला बसलो की लिहिता येत नाही. एवढंच झालंय की आता मी कुणाला काही विचारलं आणि तो हसून उत्तर देऊ लागला, तर मी खूण करायच्या आधी थांबतो. आईलाही विचारायला लागलोय. तीस वर्षं मेंढरांमागं चालताना तिला काय त्रास झाला, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती सांगते. बरंच सांगते. दोन वह्या झाल्या. आणि आभार मानायची आमच्याकडं पद्धत नाही ताई, तुमच्याकडंही नसावी, म्हणून तो शब्द राहू देतो.

माझ्या मनात मात्र एकच अडकून राहिलं होतं. तुम्ही गेलात तेव्हा टेबलावरच होता का? अर्ज पिशवीतच राहिला का? तो बाहेर निघाला नसेल तर त्यात माझा हात किती? मी भांडलो नसतो, तर दिला असतात का? सेक्शनला दोनदा गेलो. एकदा साहेब नव्हते, एकदा सगळे लाईनवर गेलेले. फोन करून विचारायचं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीच्या डीपीवर काम निघालं आणि आण्णा आले. बरोबर एक नवा मुलगा होता, तो वर चढला आणि फोनही त्यानंच लावला. आण्णा सावलीत बसले. आईनं पाणी दिलं. मी समोर जाऊन उभा राहिलो. तेच म्हणाले, "तूच नव्हं त्यो अर्ज लिवल्याला?"

मी म्हणालो, "लिहिला मी, पण शब्द त्यांचे होते."

"म्हायती हाय. तिनं आदी मलाच दिला वाचाय. मला लय राग आला. दोन दिस तिच्यासंगं बोललो न्हाई. मग परत वाचला. म्हणलं, माजं नाव कुटं हाय बगू. कुटंच न्हवतं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "नाव आसतं तर भांडलो आसतो बग. आता भांडायचं कुणासंगं? मग खाली मी बी सही केली."

"साहेबांनी दिलं परमिट?"

"सायबांनी अर्ज ठेवून घेतला. उत्तर अजून याचंय. मीच तिला परत लाईनवर घेतलं आन् गायकवाडाला फोन केला. म्हणलं, तिच्या कामाचं परमिट मी मागणार न्हाई, ती मागंल. त्यो म्हणला, मी बाईच्या नावावर देत न्हाई, काम बंद पडंल. म्हणलं, पडू दे. दीड तास लाईन बंद राह्यली भर दुपारी. तीन गावांनी त्याला फोन केलं. मग दिलं."

"मग?"

"मग काय. चडली. खाली आली, सोता फोन लावला. 'सारिका बोलतीया, मी खाली आलीया, माजं परमिट परत घ्या.' मी बाजूला हुबा हुतो. मला कायच काम न्हवतं."

किती वेळा झालं असं, मी विचारलं.

"तीनदा," आण्णा म्हणाले. "चौथ्या येळेला ती तापात हुती. दुसरं कुणी न्हवतं, मग त्या दिशी मीच चडलो, लय वर्सांनी. परमिट माज्या नावावर घेतलं."